करुणा, वर्गाचे हात बंद आहेत

करुणा,

काल गुरुवार होता, तुझा वार. परिपाठ झाला, मुलं वर्गात बसली, आणि ऋतुजा मात्र दप्तर पायरीवर ठेवून फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथून लासूर स्टेशनकडून येणारा रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. कुणाची तरी गाडी आली की ती पुढं व्हायची, माणूस दुसराच निघाला की मागं सरायची. शेवटी माझ्यापुढं येऊन तिनं तुझं नाव घेतलं. एका गालावरून, नाकावरून, दुसऱ्या कानामागं हात नेला, तू स्कुटीवर बसताना तोंडाला स्टोल गुंडाळायचीस तसा. आणि भुवया वर केल्या. कुठंय?

मी 'नंतर' अशी खूण केली. त्याच्या आधीच्या गुरुवारीही मी 'नंतर'च म्हणाले होते.

तू आता येणार नाहीस हे आमच्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या ऋतुजाला, कारण तिला ऐकू येत नाही, गावात जे तोंडानं फिरतं ते तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पोचवायचं काम तुझं होतं. आता माझं आहे म्हणतात.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला मुकुंदवाडीत तुमच्या गल्लीत मंडप टाकला होता. वंदना झाली आणि लोक एकेक करून बोलायला उठले. कुणी तुला दिव्यांग लेकरांची माय म्हणालं, कुणी त्यागमूर्ती. एक साहेब तर म्हणाले, मॅडम कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मागच्या रांगेत बसून मला रडू येत होतं आणि हे ऐकून फसकन हसू आलं. तू आणि उलट बोलली नाहीस? अगं, तू एका केंद्रप्रमुखांना भर बैठकीत विचारलं होतंस, "सर, तुम्ही कानात बोळे घालून एक दिवस बसता का माझ्या लेकरांसंगं?" मला माइकवर बोलवलं तेव्हा मी उठले नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते मी मंडपात काय सांगणार होते?

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. वस्तीवरची आमची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. तू फिरती विशेष शिक्षिका, तुझ्याकडं अशा वस्त्या-वाड्यांवरच्या कितीतरी शाळा, म्हणून आमच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस आलेला. मी ऋतुजाला पुढं आणून बसवलं, तिची वेणी सारखी केली आणि म्हणाले, "हीच ती." तेव्हा ती पहिलीत होती. दिवसभर खिडकीतून बाहेर बघायची आणि कुणी हात लावला की चावायची. मला वाटलं, तू तिला कोपऱ्यात घेऊन बसशील, चित्रांचे तक्ते काढशील. तू तिच्याकडं पाहून नुसती हसलीस आणि पाठ केलीस. बाकीच्या पोरांना उभं केलंस आणि त्यांनाच शिकवायला लागलीस. पाणी. भूक. ये. खेळ. माझं. तुझं. तासभर तू ऋतुजाला काहीच शिकवलं नाहीस. मी चिडून विचारलं, "मॅडम, तुम्ही हिच्यासाठी आलात ना?"

"हिला शिकवून काय करू?" तू म्हणालीस. "ही बोलंल कुणासंगं? भिंतीसंगं?"

ऋतुजाचं खिडकीबाहेर बघणं थांबलं होतं. ती पोरांच्या हातांकडं बघत होती.

मग तू नियम घातलास. ऋतुजाच्या देखत जे तोंडानं बोलाल ते हातानंही बोलायचं. सगळं. अगदी "मॅडम, यानं मला चिमटा काढला" हेसुद्धा. नाहीतर बोलायचंच नाही. पोरांनी त्याला नाव दिलं, 'हात चालू'. दिव्याचं बटन दाबावं तसं कुणीही कुणालाही म्हणायचं, "ए, हात चालू कर!" फळ्याकडं तोंड करून मी काही पुटपुटले की मागनं आवाज यायचा, "मॅडम, हात चालू!" मी इतकी वर्षं नोकरी केली, पण मला शिस्त लावायची हिंमत त्या पोरांनीच केली, आणि ती तू त्यांना दिलीस.

नावं ठेवायचा मान तू ऋतुजाला दिला होतास. तिनं वर्गातल्या प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. नाक ओढणारा, पुढचे दात पडलेली, सारखी चड्डी वर ओढणारा. माझं नाव ठेवताना ती जराही थांबली नाही. तिनं कपाळावर फटकन हात मारला. सगळा वर्ग लोळून हसला. मी म्हटलं, मी कधी मारते कपाळावर हात? आणि म्हणता म्हणता मारला. तू तर डोळ्यांतलं पाणी पुसत होतीस. तेव्हापासून त्या शाळेत मी म्हणजे कपाळावर हात.

आपली गट्टी जमली ती मात्र रेल्वेगाडीत. मी मुकुंदवाडीहून लासूरला रोज अपडाऊन करणारी, तू तुझ्या गुरुवारपुरती, पुढं स्टेशनवर ठेवलेल्या स्कुटीनं वस्तीवर. पोरांसमोर मी तुला 'अहो मॅडम', गाडीत तू मला 'ताई' आणि मी तुला 'अगं'. माझे हात लई जड आहेत म्हणून तू मला सराव करायला लावायचीस. दौलताबाद येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, जे काय ते हातानं. एकदा एका काकूंना आपली दया आली. "बिचाऱ्या, दोघी बी मुक्या दिसतेत," म्हणत त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि आपल्याला जागा करून दिली. मी लाजेनं नको नको करतेय तोवर तू खुशाल बसलीस. पुढं चहावाला आला आणि तू खणखणीत आवाजात म्हणालीस, "दोन द्या, साखर कमी." काकूंनी आपल्याला जे झोडपलं! "व्हय गं बाई, बोलता येतंय की चांगलं! मग माझ्या लेकराची जागा कामून घेतली?" तू त्यांनाही चहा पाजलास आणि लासूर येईपर्यंत त्यांना दहा-बारा खुणा शिकवून मोकळी झालीस.

मला त्या गाडीची सवय मोडता येत नाही. काल सकाळीही चढले आणि खिडकीजवळ पर्स ठेवून तुझी जागा धरली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी येतंय का? मी हो म्हणाले.

आता भांडणाचं. आमची शाळा चौथीपर्यंत आणि ऋतुजा यंदा चौथीत. पुढं काय, यावरनं आपण वर्षभर भांडलो. माझं म्हणणं, तिला शहरातल्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला. तिथं सगळ्यांनाच खुणा येतात, मास्तरांना येतात, स्वयंपाकाच्या बाईलाही येतात. तुझं म्हणणं, नाही. ती आपल्या वर्गाबरोबरच लासूरच्या मोठ्या शाळेत जाईल, आईच्या हातची भाकरी खाऊन. "ताई, ही पोरं तिची बोली हायती. ती तोडून तिला कुठं पाठवायलीस?"

मी म्हणायचे, मोठ्या शाळेत ही पोरं वेगवेगळ्या तुकड्यांत फुटतील. तासाला नवा शिक्षक. कोण हात चालू करणार?

तू म्हणायचीस, "मी हाय की. तिथं जाऊन पुन्हा सगळ्यांना शिकवीन."

"किती ठिकाणी पुरणार आहेस तू?"

हे आपण कितीदा बोललो त्याला गणती नाही. तुझ्या डोळ्यांसमोर त्या निवासी शाळेचं फाटक असायचं, सुट्टी संपवून लेकरं आत जाताना आयांचे पदर धरतात ते. माझ्या डोळ्यांसमोर ऋतुजाची आई असायची. दिवसभर कापसात वाकलेली, आणि लेकीशी बोलायला तिच्याकडं खुणा चार. ये, जा, पाणी, भाकरी. दोघींचंही खरं होतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं.

शेवटचं भांडण लासूरच्या फलाटावर झालं. तुला ताप होता, तू मान्य करत नव्हतीस. मी तोच प्रश्न विचारला, किती ठिकाणी पुरणार आहेस? तू दमून बाकावर बसलीस. म्हणालीस, "पुरंल तवर पुरीन. नाय पुरले तर तू हायस की, ताई."

मला तेव्हाच तुला सांगायचं होतं की माझ्यावर टाकू नकोस. मला जमेल तेवढं मी वर्गापुरतं शिकलेय, माझ्या हातांत तुझ्या हातांची बोली नाही. पण गाडी आली आणि आपण जागा पकडायला धावलो.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा मला आत सोडलं नाही. काचेतून दिसलीस. तोंडात नळी, डोळे मिटलेले, आणि दोन्ही मनगटं कापडाच्या पट्टीनं खाटेला बांधलेली. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं, "दोन दिस लई हात हलवत होती, ताई. नळी ओढून काढंल म्हून बांधावं लागतंय म्हणाले." नळी घातलेल्या माणसाला तसं करावंच लागत असेल, मी कुणाला दोष देत नाही. मी त्यांना विचारलं, कसे हलवत होती? त्यांनी त्यांच्या जाड बोटांनी करून दाखवायचा प्रयत्न केला आणि मध्येच त्यांना रडू कोसळलं. त्यात मला काही ओळखू आलं नाही. पाणी असेल. नवऱ्याला काही सांगायचं असेल. किंवा नुसता तापही असेल. मी काचेपाशी उभी राहून तुझ्या मिटल्या डोळ्यांशी बराच वेळ हातानं बोलले. येणारे-जाणारे बघत होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत तुझ्या नवऱ्याचा फोन आला.

तू गेलीस तशी तुझी जागा रिकामी झाली. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, नवीन माणूस कधी मिळेल सांगता येत नाही, तोवर तुम्हीच सांभाळा. म्हणजे लासूरच्या शाळेत जाऊन हात चालू करणारं आता कुणी नाही. तुझा मुद्दा उभा होता तुझ्या पायांवर, आणि तेच गेले. वाद मी जिंकले गं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. तू समोर असतीस तर मी आणखी दहा वर्षं हरायला तयार होते.

ऋतुजाची आई शाळेत आली होती. दारात चप्पल काढून उभी राहिली. "मॅडम, करुणाबाई म्हणायच्या पोरीला लासूरलाच ठिवा. आता कसं करू? तुम्ही म्हणताल तसं." मी म्हटलं, दोन दिवस द्या. तिनं जाता जाता विचारलं, "तिला सांगितलं का, बाई गेल्याचं?" मी म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं? तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले, कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले. "मला कुठं येतंय, मॅडम?"

मला येतं. निदान एक खूण येते, तीच तर अडचण आहे. 'मेलं' याची आमच्या वर्गातली खूण पोरांनी स्वतःच बसवलेली, तळहात उताणा करून हवेत आडवा टाकायचा. पाल मेली, डास मेला, कुणाची कोंबडी मेली, त्याच्यासाठी. ती करताना पोरं जीभही बाहेर काढतात. तुझं नाव घेऊन त्यापुढं ती खूण करायला माझा हात धजेना. म्हणून मी पोरांना आधीच सांगितलं होतं, ऋतुजाला कुणी काही सांगायचं नाही, मी सांगेन.

पोरं गुणी निघाली. त्यांनी माझं ऐकलं. आणि ऐकल्यामुळं काय झालं माहीत आहे? त्यांना तुझ्याविषयी बोलायचं होतं, ते बोलल्याशिवाय राहवेना, मग ती ऋतुजाच्या देखत नुसत्या तोंडानं बोलू लागली. हात मांड्यांखाली दाबून. एकदा अशी सवय लागली की मग सगळंच तसं बोलणं सुरू झालं. ऋतुजा या तोंडाकडनं त्या तोंडाकडं बघायची. तिनं आधी 'हात चालू, हात चालू' म्हणून पाहिलं. पोरं माझ्याकडं बघायची. मी फळ्याकडं बघायचे. मग तिनं विचारणं सोडलं आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली, पहिलीत बघायची तशी. एका मुलीनं तिला खेळायला ओढलं तर तिनं तिच्या हाताला चावा घेतला. तू चार वर्षांत जे उभं केलंस ते मी दोन गुरुवारांत आडवं केलं, आणि ते तिला दुःख होऊ नये म्हणून.

काल मधल्या सुट्टीत खिचडी झाली. ऋतुजानं ताटाला हात लावला नाही. ती पुन्हा फाटकाशी गेली. मला वरांड्यातून तिची पाठ दिसत होती आणि मला एकदम असा राग आला, तुझ्यावर, माझ्यावर, त्या रिकाम्या रस्त्यावर. मी जाऊन तिचा हात धरला आणि वर्गात आणलं. सगळ्या पोरांना बसवलं. म्हटलं, हात चालू करा.

मी तुझं नाव घेतलं. गालावरून, नाकावरून, कानामागं. आजारी. ताप. मोठा दवाखाना. इथपर्यंत आले आणि थांबले. ऋतुजा माझ्या हातांकडं बघत होती, पापणी न हलवता. मी तळहात उताणा केला. हळू केला, जीभ काढली नाही, जपून खाली ठेवावा तसा हवेत ठेवला.

तिला वाटलं मी चुकले. ती नेहमी माझ्या चुका सुधारते. तिनं मान हलवली आणि 'झोपली' अशी खूण करून दाखवली, असं म्हणायचंय का तुम्हाला? मी नाही म्हटलं आणि पुन्हा तळहात उताणा केला. मागं बसलेल्या पोरांनीही केला. पहिलीतल्यांनीसुद्धा. एवढे सगळे उताणे हात तिनं वळून पाहिले.

ती रडली नाही. मला वाटलं होतं चावेल, पळेल. ती खाली बसली आणि तिनं विचारलं, "तिथं कोण होतं?"

"नवरा. डॉक्टर. नर्स."

"त्यांना हात येतात?"

तू तर चांगली बोलती-ऐकती बाई होतीस, करुणा. पण ऋतुजानं तुझा आवाज कधी ऐकलेलाच नाही. तिच्या लेखी तू तिच्यासारखीच, हातानं बोलणारी. त्या काचेमागं तू एकटी पडली होतीस का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिला मनगटांना बांधलेल्या पट्ट्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं. आणि मी खोटं सांगू शकले असते. तुझा नवरा शिकला होता, नर्सला येत होतं, काहीही.

मी म्हटलं, "नाही. कुणाला येत नव्हते."

मागं पोरं हळूहळू एकमेकांशी बोलायला लागली होती, हातांनी. तुझ्या आठवणी काढत होती. स्टोल, स्कुटी, तू आणायचीस ती चिंचेची गोळी. ऋतुजानं ते पाहिलं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "शहरातल्या शाळेत सगळ्यांना हात येतात?"

"सगळ्यांना."

"मग मी जाते."

इतकंच. वर्षभर मी तुझ्याशी ज्यासाठी भांडले ते तिनं दोन खुणांत सांगून टाकलं, आणि सांगितलं ते मात्र भीतीनं. शिकायला जाते असं ती म्हणाली नाही. आजारी पडल्यावर कुणीतरी बोलायला असावं म्हणून एक दहा वर्षांची पोर घर सोडायला निघाली होती. माझा हात आपसूक वर गेला आणि मी म्हटलं, "थांब."

तिनं विचारलं, "कशासाठी?"

तिला काय सांगायचं ते मला तू सांग. इथं थांब, कारण इथं तुझी आई आहे, जिला चार खुणा येतात? ही पोरं आहेत, जी जूनमध्ये फुटतील? मी आहे, जिनं पहिल्याच संकटात सगळ्या वर्गाचे हात बंद करून टाकले? की जा म्हणू, आणि तुझा शब्द मोडू? तिच्या आईनं मागितलेलं उत्तर उद्या द्यायचंय. ऋतुजा माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. हातांकडं बघत होती.

वर्गात सगळ्यांचे हात चालू होते, करुणा. माझेच तेवढे नव्हते.